हिरवी म्हणवलेली स्कूटर

आमच्या गल्लीतला सानान मिठागरात काम करतो. खाऱ्या वाऱ्यात वाहन किती टिकेल, हे गाड्या विकणारे कधीच सांगत नाहीत. जाहिरातीतली हसरी जोडपी नेहमी डोंगरातल्या रस्त्याने जातात, मिठागराच्या बांधावरून नव्हे. सानानच्या जुन्या स्कूटरचा पाय ठेवायचा पत्रा एका सकाळी गंजून गळून पडला. नेमकी तेव्हाच त्याच्या आईला, लामून आजींना, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. ती हुकली असती, तर पुढची केव्हा, हे सांगण्याची तसदी इस्पितळाच्या खिडकीतल्या कोणी घेतली नसती.

तेव्हा गाडी हवी होती. स्वस्त, आणि वाटेत ढकलावी न लागणारी. सानानने ती ज्या चिकाटीने शोधली, तशी चिकाटी मी शिकल्यासवरल्या लोकांत पाहिलेली नाही. तो जमिनीवर पाठ टेकून गाडीचा तळ पाही. सायलेन्सरच्या टोकात बोट घालून काजळी पाही. विक्रेते गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवतात, म्हणून दुकान उघडण्यापूर्वीच दाराशी जाऊन उभा राही. या परीक्षेत एकच स्कूटर उतरली. ती समुद्रापासून दूर, आतल्या भागातल्या एका शिक्षिकेची होती, गंजाचा ठिपका नव्हता, पहिल्याच दमात सुरू होई. आणि रंग लालभडक.

लामून आजी सोमवारी जन्मलेल्या. आमच्याकडे जन्मवारावरून वैरी रंग ठरतो; सोमवारच्या माणसाला लाल वैरी. त्यांच्या घरात लाल बादली नाही, लाल स्टूल नाही; जावयाने आणलेली लाल छत्री त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच परत केली होती.

"दादा, इंजिन बघा ना, रंग काय बघताय?" दुकानदारीण म्हणाली.

"मी कुठे बघतोय? आई बघते."

"त्यांना दिसतं?"

बाईने खणातून एक पट्टी काढून सानानच्या हातात ठेवली. वाहनाचा रंग मालकाला वैरी निघाला, की मागे चिकटवायची ती पट्टी आमच्याकडे निम्म्या गाड्यांवर दिसते: 'हे वाहन हिरवे आहे.' ग्रहांची एवढ्याने समजूत पटते.

सानानने पट्टी चिकटवली. तेवढ्यावर तो थांबला असता, तर हे लिहिण्याचे कारण उरले नसते.

"कुठला रंग रे?" आजींनी आसनावर हात फिरवत विचारले.

"हिरवा, आई."

"कसा हिरवा?"

"केळीच्या पानासारखा."

आजी खूश झाल्या. एका बाजूला पाय सोडून मागे बसल्या, त्याचा सदरा मुठीत धरला, आणि तपासणीसाठी गावभर मिरवत गेल्या. आणि आमची गल्ली! एका आंधळ्या म्हातारीची फसवणूक थांबवण्याऐवजी गल्लीने त्याचा तमाशा केला. तळलेली केळी विकणारी सोमजित रोज ओरडे, "आजी, आली का तुमची हिरवी राणी?" आजी म्हणत, "आली गं, बस मागे!" मग सगळे तोंडावर हात धरून हसत. सानान तेवढा मान खाली घालून साखळीला तेल देत बसे, आणि त्या स्कूटरला तर साखळीच नव्हती, पट्टा होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढायची होती. कागदपत्रे वाचायला कोणीतरी हवे, म्हणून सानानने मलाही बोलावले होते. ती सुटल्यावर आजी इस्पितळाबाहेर आल्या. फाटकाशी सानान स्कूटर धरून उभा होता. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग गाडीच्या मागे गेल्या, वाकल्या, आणि तिथली पट्टी अक्षर अक्षर लावत वाचली.

"लाल आहे."

"आई, इंजिन फार चांगलं..."

"पट्टी कधी लावलीस?"

"घेतली त्याच दिवशी."

"मग झालीच ना हिरवी! तुझ्या मामाची काळी गाडी पिवळी म्हणून फिरली, तीत बसलेच ना मी? लाल आहे, पट्टी लावलीय, असं म्हणाला असतास तर मुकाट्याने बसले असते." त्यांचा आवाज चढला नाही. "केळीच्या पानासारखा म्हणालास. मी रोज मनात ते पान बघत होते, सानान."

सानान नखाने पट्टीची कड खरवडू लागला.

"सोमजितला ठाऊक होतं?"

"हो."

"म्हणजे ती हसायची ते..." आजी माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, सोंगथेव कुठे थांबते?"

समोरासमोर दोन बाकांच्या, मागून उघड्या त्या भाड्याच्या गाडीत आजी अगदी कडेला बसल्या, आणि मी त्यांच्या शेजारी. सानान मागून स्कूटरवर येत राहिला. त्याला पुढे निघून जाता आले असते. तो गेला नाही. मिठागरावरून, पुलावरून, बाजारातून, तो त्याच अंतरावर मागे होता, आणि आजी नव्या डोळ्याने त्याच्याकडे पाहत होत्या. त्याने एकदाही त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. स्कूटर वाटेत एकदाही अडखळली नाही. निवड निर्दोष होती, हे मला त्या प्रवासात विशेष असह्य वाटले.

गल्लीच्या तोंडाशी सोमजितने सवयीने हाक दिली, "आजी, आली का हिरवी..."

आजी उतरल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग दारादारांत उभ्या असलेल्या सर्वांकडे आणि माझ्याकडे, एकेक चेहरा नीट ओळखत.

"आली," त्या म्हणाल्या. "दिसली मला."