शाळेची विहीर आणि माझा नारू

"गिनी वर्म," डॉक्टर म्हणाले आणि लगेच समजावून सांगितलं, "म्हणजे नारू. दोऱ्यासारखा जंत. वर्षभर अंगात वाढतो, मग कातडी फोडून बाहेर येतो."

मी तेव्हा कळसाडीच्या शाळेत चौथीत होते. शहाद्याच्या सरकारी दवाखान्यातले हे डॉक्टर मुलं तपासायला आले होते. माझ्या घोट्यावरच्या फोडातून पांढरं टोक डोकावत होतं. त्यांनी ते काडीला गुंडाळलं.

"रोज थोडा थोडा गुंडाळायचा. ओढायचा नाही."

पाचव्या दिवशी मी ओढला. आग सोसवेना. नारू तुटला, पाय गुडघ्यापर्यंत सुजला, ताप चढला. आईने गाडी जुंपायला लावली आणि मला शहाद्याला नेलं.

"मन्ही पोरना पाय वाचई ना, डाक्टरसाहेब?" तिचा एकच प्रश्न.

डॉक्टर रागावले नाहीत. चीर देऊन पू काढला. तीन आठवडे मी तिथल्या ओसरीवर पडून होते. एकदा पट्टी बदलताना त्यांनी विचारलं, "आग व्हायची तेव्हा काय करायचीस?"

"शाळेच्या विहिरीत पाय बुडवून बसायचे."

ती पायऱ्यांची विहीर. सगळी मुलं तिचंच पाणी प्यायची. डॉक्टरांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"बाळ, नारूची पिल्लं त्या पाण्यात सुटतात, आणि ते पाणी पिणाऱ्याला नारू होतो. तुला ठाऊक नव्हतं."

मी फार रडले. त्यांनी त्याच आठवड्यात गुरुजींना चिठ्ठी पाठवली. पायऱ्या काट्यांनी बंद झाल्या, पाणी रहाटाने निघू लागलं, माठाच्या तोंडावर पाणी गाळायला दुहेरी धोतर आलं.

तरी पुढच्या उन्हाळ्यात माझ्या मैत्रिणीच्या, जमनाच्या, पोटरीवर फोड आला. मी त्या पायाने अजूनही लंगडायचे; तशीच तिच्या घरी गेले आणि सगळं कबूल केलं.

"तू काय मुद्दाम कयं का?" ती म्हणाली. "बस आठे," म्हणत तिने शेजारी जागा केली.

रोज सकाळी मी तिचा नारू काडीला गुंडाळत असे. हात घाई करू बघायचा, मी आवरायचे. सव्विसाव्या दिवशी तो अख्खा निघाला. त्यानंतर शाळेत कुणालाच नारू झाला नाही.

तुमच्या लेकराला नारू निघाला तर ओढू नका, आणि त्याला पाण्यात उतरू देऊ नका. पाणी गाळून प्या. आणि लेकराला रागावू नका. डॉक्टर मला रागावले असते, तर विहिरीचं मी कुणालाच सांगितलं नसतं.