बेलारूसची बाई आणि आमची चादर

चित्रकलेची पदविका घेऊन मी केजजवळच्या या घरात सून म्हणून आले. शाळेत जागा निघाली तेव्हा सासरे म्हणाले, "आपल्या घरच्या बाया नोकरीला जात न्हाईत. हितं काय कमी हाय?" गावचं राजकारण त्यांच्याच ओसरीवर चालायचं. त्यांचा शब्द नवऱ्यानं कधी मोडला नाही. पुढं पुढं फाटकापर्यंत जायलाही मला कारण सांगावं लागू लागलं.

गेल्या वर्षी मोबाईलवर बेलारूस देशातल्या एका चित्रकार बाईची गोष्ट पाहिली. ती खेडोपाडी फिरायची, लोकांच्या घरी राहून कापडावर सिंह, तळी, बागा रंगवायची. पुढं तिला कुणी विचारेना. तिची चित्रं लोकांनी बटाटे झाकायला वापरली. आता तीच संग्रहालयात आहेत.

थोरल्या जाऊबाई, आमच्या आक्का, भाकरी थापत होत्या. त्यांना मी हे सांगितलं.

"मंग त्या बाईचं काय झालं?"

"पाण्यात बुडून गेली. लोक म्हणतात, तिनंच जीव दिला."

आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली. "पण फिरली तरी बिचारी," त्या म्हणाल्या.

पुतणीचे उरलेले पाण्याचे रंग घेऊन मी कडब्याच्या खोलीत जुन्या चादरीवर तळं काढलं, काठावर सिंह. चादर बाहेर वाळत घातली होती. तेवढ्यात अवकाळी सर आली आणि नवऱ्यानं तीच ओढून अंगणातल्या सोयाबीनवर टाकली. सगळे रंग वाहून गेले.

"सोयाबीन वाचलं ना? झालं तर," सासरे म्हणाले.

मी मागच्या दारी जाऊन बसले. समोर विहीर. त्या बाईची आठवण आली आणि मला माझीच भीती वाटली.

आक्का शेजारी येऊन बसल्या. "ऊठ. मला एक चित्र काढून दे. धर्मापुरीला आमचा शेरडांचा वाडा हाय, शेळ्या कोंडायचा, त्यो काढ. आई गेल्यापास्नं मला कुणी माहेरी धाडलंच न्हाई."

दारांना लावून उरलेला ऑइलपेंट आणि एक जुनं कापड घेतलं. त्या सांगत, मी काढे. "बोरीचं झाड हिकडं. लई सरळ झालं, जरा वाकव."

ते कापड आक्कांनी पलंगाच्या वर ठोकलं. सासऱ्यांनी विचारलं, "हे कुणाचं काम?"

"मी सांगितलं, हिनं काढलं."

ते कापडाजवळ जाऊन बघून आले आणि ओसरीवर निघून गेले.

नोकरीचं मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. आक्काही अजून धर्मापुरीला गेलेल्या नाहीत. सध्या त्यांच्या बहिणीचं चौसाळ्याचं नवं घर कापडावर काढायला घेतलंय. ते आम्ही दोघींनीही पाहिलेलं नाही.