दादाचं हवाई बेट

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? कुठंतरी एकदा तोंडातून बाहेर पडावी—बस.

आखाडा बाळापूरच्या रस्त्याला आमचं घरचं हॉटेल होतं, ‘हवाई बेट’. थोरला भाऊ, दादा, आधी जहाजावर आचारी होता. लांबच्या बेटांवर जे पाहिलं ते त्यानं इथं उभं केलं. शिंदीच्या पानांची छपरं, कागदी फुलांचे हार, अननस घातलेलं चिकन. दारात त्यानं स्वतः कोरलेले दोन लाकडी देव—बटबटीत डोळे, विचकलेले दात. सुरुवातीला लोक पाटी वाचून विचारायचे, हवाई म्हंजी इथं इमान उतरतं का? मग हळूहळू गाड्या थांबायला लागल्या. त्या देवांजवळ दादाला उभं करून लोक फोटो काढायचे. फोटो काढायला मोबाइल माझ्या हातात द्यायचे. तू पण ये, असं कुणी म्हटलं नाही.

एवढ्यानं माणूस जळतो? मी जळलो.

त्याच वर्षी वहिनीचं पाचव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं. बाजारात चहा पिताना कुणीतरी हळहळलं. आणि मी—कुणी विचारलेलं नसताना—म्हणालो, “दारात परक्या मुलखातले देव बसवल्यावर दुसरं काय व्हणार? वहिनीच्या सपनात येऊन राहिले ते.”

वहिनीनं असलं स्वप्न कधीच सांगितलं नव्हतं. मी ते तिथंच, बशी तोंडाला लावता लावता, रचलं.

आठ दिवसांत गावभर झालं. भाकरी थापणाऱ्या बाया यायच्या थांबल्या. ओळखीचं गिऱ्हाईक रस्त्यावरूनच पुढं जायला लागलं. मग ते वहिनीच्या कानावर गेलं. मला वाटलं, आता सापडलो. ती माझ्याकडं आली आणि घाबरून विचारायला लागली, “भाऊजी, मी झोपंत काही बडबडले व्हय? तुमी ऐकलं का?”

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं ना? मी मान हलवली—हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुऱ्हाड घेतली. दादा बाजूला उभा होता. अडवलं नाही त्यानं. ते देव फुटेपर्यंत नुसता बघत राहिला.

हॉटेल बंद पडलं. दादा आता जवळा बाजारच्या एका ढाब्यावर दुसऱ्याच्या हाताखाली भाज्या फोडणीला टाकतो. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. वहिनी अजून म्हणते, मीच ते देव आधी काढले असते तर लेकरू राहिलं असतं.

परवा मला वाढतानाही म्हणाली. मी खाली बघून जेवलो. वर आणखी भाजी मागून घेतली.