साबणाची फुली

माझे धाकटे काका काचा बसवायचे. आधी खिडक्यांच्या, मग दुकानांच्या, पुढे पुढे तर भिंतीएवढ्या. नवी काच बसली की तिच्यावर साबणाने मोठी फुली मारायची, म्हणजे कुणी कामगार तोंड आपटून घेत नाही, ही त्या धंद्यातली पद्धत. सगळ्यात शेवटी ती फुली पुसायची, आणि हे काम काकांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. फुली गेली, काच दिसेनाशी झाली, की स्वारी खूश.

घरात मात्र या कलेचं कुणाला कौतुक नव्हतं. काकूला तर नाहीच. "जे दिसतच नाही ते बघायला मी कशाला येऊ?" असं म्हणत तिने जन्मभर त्यांचं एकही काम पाहिलं नव्हतं. काका हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते लागायचं. शेवटचं काम संपत आलं तेव्हा ते तिला म्हणाले, "हे एवढं बघ. पुन्हा नाही म्हणणार."

म्हणून मी दोघांना गाडीत घालून तिथे घेऊन गेलो. टेकडीच्या उतारावरचं ते घर आधी सापडेचना. भिंती त्याच टेकडीच्या दगडाच्या, छपरावर गवत, आणि एका जुन्या झाडासाठी अख्खा व्हरांडा चक्क वळवलेला. आत एक लांब बाक, एक टेबल, बास. घराच्या आर्किटेक्ट बाई दारातच भेटल्या. काकू सगळीकडे फिरून आली आणि त्यांना म्हणाली, "छान आहे हो. सामान कधी येणार?"

"आलंय की," बाई म्हणाल्या.

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग काका तिला मागच्या खोलीत घेऊन गेले. समोर नुसती झाडं होती, भिंत अशी नव्हतीच. काकूने चाचपडत हात पुढे केला, तेव्हा कुठे बोटं काचेला टेकली.

"अगं बाई, आहे की इथे!"

फुली त्यांनी आदल्या दिवशीच पुसली होती. आता बायकोच्या बोटांचे ठसे बाहीने पुसताना काकांचा चेहरा असा काही फुलला होता की मला फार बरं वाटलं. काकू आणखी काहीतरी बोलणार, तेवढ्यात काचेवर बाहेरून धप्प आवाज झाला.

आम्ही वळसा घालून बाहेर गेलो. काचेखाली एक इवलासा पक्षी पडला होता. काकूने त्याला ओंजळीत घेतलं. ऊब होती, पण मान लटकत होती. पलीकडे पाचोळ्यात आणखी एक पडलेला होता, केव्हाच ताठलेला. मी मान वर करून पाहिलं. बाहेरून काच नव्हतीच, पुढे आणखी झाडं होती आणि वर आभाळ, सगळं प्रतिबिंबातलं.

"इतकी स्वच्छ पुसली मी," काका म्हणाले.

मला त्यांच्याकडे बघवेना.

काकांनी पिशवीतून साबणाचा तुकडा काढला, शिडी लावली आणि वरपासून खाली एक जाड रेघ ओढली. मग शेजारी दुसरी.

"उद्या फोटो काढायला माणसं येणार आहेत," आमच्या मागोमाग बाहेर आलेल्या बाई हळूच म्हणाल्या.

"येऊ देत," काका म्हणाले आणि तिसरी रेघ ओढू लागले.

बाई काकूच्या ओंजळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणखी जवळ जवळ ओढा. पक्षी लहान आहेत. पुढे आपण कायमच्या बारीक रेघा करून घेऊ."

सगळी काच रेघांनी भरेपर्यंत काका थांबले नाहीत. काकूने झाडाच्या बुंध्याशी खड्डा करून दोन्ही पक्षी पुरले, हात झटकले आणि मागे सरून ती काचेकडे बघत उभी राहिली. बराच वेळ.

"अहो," ती म्हणाली, "दिसलं हो तुमचं काम."

काका नळाखाली हात धूत होते. साबण केव्हाच गेला होता, तरी ते धूतच राहिले.