राणीकाकूंचे ब्रोच

राणीकाकू कुठेही शिरल्या की आधी त्यांचा डावा खांदा आत यायचा आणि मागून बाकीच्या काकू. त्या खांद्यावर, पदर वळून पाठीकडे जातो तिथे, ब्रोच असायचा. ह्यूस्टनच्या चिकट उकाड्यात आम्ही बाकीच्या बायका नवऱ्याचे जुने टी-शर्ट घालून वावरायचो, तेव्हा या बाई सुपरमार्केटमध्ये साधी कोथिंबीर आणायलासुद्धा इस्त्रीची साडी नेसून, ब्रोच लावून यायच्या. काउंटरवरची मुलगी "आय लव्ह युअर पिन" म्हणायची. काकू मान जराशी झुकवून "थँक यू, डिअर" म्हणायच्या आणि गाडीत बसल्यावर मला सांगायच्या, "पिन म्हणे. पिन डायपरला लावतात."

तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी त्यांचं नाव 'राणीसरकार' ठेवलं होतं आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. मी त्यांना तोंडावर राणीकाकू म्हणायची, ते त्यांना आवडायचं. तशा त्या कुठल्या राजघराण्यातल्या नव्हत्या आणि तसं त्यांनी कधी भासवलंही नाही. त्यांची आई दक्षिण महाराष्ट्रातल्या एका छोट्या संस्थानात राणीसाहेबांच्या पदरी होती. राणीसाहेबांना साडी नेसवायची, निऱ्या बसवायच्या आणि शेवटी पदरावर ब्रोच लावायचा, हे आईचं काम. लहानपणी काकू दाराशी बसून ते बघायच्या. त्यामुळे ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या त्यांच्या गालिचा घातलेल्या बैठकीत बसूनही त्यांचं प्रत्येक तिसरं वाक्य "आमच्या राणीसाहेब म्हणायच्या" असं सुरू व्हायचं. कुंदाताई, म्हणजे आमच्या मंडळाच्या कायमच्या अध्यक्षा, यावर हमखास डोळे फिरवायच्या.

राणीसाहेबांचे नियम मला तेव्हाच पाठ झाले. ब्रोच डाव्या खांद्यावर, बरोबर हाडावर लावायचा. खाली उतरला की बाई शोकेसमधली बाहुली दिसते. सणाच्या दिवशी लहान ब्रोच, कारण सणाला साडीने बोलायचं असतं. आणि ज्या दिवशी मन ठिकाणावर नसेल त्या दिवशी सगळ्यांत मोठा. "लोक मग ब्रोचकडे बघतात, तोंडाकडे बघत नाहीत," काकू म्हणायच्या. त्यांच्या आईला सकाळी राणीसाहेबांनी कुठल्या डबीकडे बोट केलं एवढ्यावरून वाड्यावरचा दिवस कसा जाणार ते कळायचं. मीही हळूहळू काकूंच्या खांद्यावरून हवामान ओळखायला शिकले. हिरवा टोळ असला तर गप्पा मारायच्या. मोठं चंदेरी पान असलं तर चहा घेऊन मुकाट्याने घरी यायचं.

राणीसाहेबांचे ब्रोच खऱ्या हिऱ्यामाणकांचे होते. काकूंचे सगळे गराज सेलमधले. शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत त्या मला गाडीत घालून निघायच्या. कुणाच्या तरी ड्राइव्हवेवर टेबल मांडलेलं असायचं. त्यावर जुने टोस्टर, लहान मुलांचे बूट आणि एखाद्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कुणा वारलेल्या आजीचे नकली दागिने. काकू त्या खोक्यात अशी बोटं घालायच्या, जशी आपण तांदळात घालतो. एखादा खडा निखळलेला ब्रोच मिळाला की त्या जास्त खूश व्हायच्या. "पूर्ण असता तर हिच्या सुनेने दिला असता का?" असं म्हणून तो त्या रुमालात गुंडाळायच्या. मी लग्न होऊन अकोल्याहून थेट तिथे येऊन पडले होते, रस्ते ओळखीचे नव्हते, माणसं नव्हती. त्या शनिवारांनी मला तिथे तगवलं, असं मी आजही म्हणेन.

संस्थानं विलीन झाली तेव्हाची एक गोष्ट त्या एकदाच बोलल्या. ब्रोचच्या डब्या एकेक करून गेल्या. एक दिवस साडी नेसवून झाली आणि राणीसाहेब सवयीने डावा खांदा किंचित पुढे करून उभ्या राहिल्या. लावायला काहीच नव्हतं. आईने स्वतःच्या बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि ती तितक्याच निगुतीने लावली.  "आमच्या आईला त्या दिवशी ताप भरला," काकू म्हणाल्या. मग लगेच विषय बदलून त्यांनी मला पोहे वाढले.

ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं होती. तेलाचे भाव कोसळले होते आणि आमच्या ओळखीची घरं एकामागून एक ह्यूस्टन सोडून चालली होती. काकूंच्या यजमानांची नोकरी टिकली. त्यात त्यांची एकुलती एक मुलगी शमा, तिचं लग्न ठरलं. शमा अटलांटाला नोकरी करत होती, मुलगा तिथलाच, लग्न पुढच्या वसंतात ह्यूस्टनला करायचं ठरलं. त्यामुळे ते वर्ष आनंदाचं जाणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

दिवाळीच्या थोडं आधी काकूंचा फोन आला. "जरा येतेस का? पदर लावायचाय." मला वाटलं कुठे कार्यक्रम असेल. गेले तर काका डायनिंग टेबलाशी डोकं धरून बसलेले. रिफायनऱ्या उभ्या करणाऱ्या त्या माणसाला पदराची पिन लावता आली नव्हती आणि प्रयत्नात त्यांनी बायकोला टोचलं होतं. आत काकू अर्धवट नेसलेल्या उभ्या होत्या. डावा हात खांद्यापर्यंत वर जात नव्हता.

"गाठ होती," त्या म्हणाल्या. "काढली. सोबत बाकीचंही सगळं काढलं. आता रडू नकोस, प्लीट्स कर. लेफ्टला जास्त घे, जाड."

आम्ही दोघी शेजारी राहत होतो आणि ऑपरेशनच्या वेळी मला त्यांनी सांगितलं होतं की त्या आठवडाभर डॅलसला बहिणीकडे चालल्यात. मी चुण्या घातल्या, आत मऊ रुमालाची घडी बसवली. ती घडी सरकू नये म्हणून ब्रोच खाली लावावा लागणार होता. मी सवयीने खांद्याकडे हात नेला. त्यांनी माझा हात धरून खाली आणला. "हाड राहू दे. जिथे काही उरलं नाही तिथे लाव."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी जायची. कॅन्सर हा शब्द आम्ही कधी उच्चारला नाही. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "शमाला सांगा." एकदा त्या चिडल्या.

"सांगितलं तर ती लग्न पोस्टपोन करेल, नाहीतर घाईघाईत उरकेल. दोन्हीकडून माझं दुखणंच मांडवात बसणार. मला तिच्या फोटोत तिची आई म्हणून उभं राहायचंय, पेशंट म्हणून नाही. लग्न झालं की मी स्वतः सांगेन. तोवर कुणाच्या तोंडून 'बिचारी' ऐकायचं नाही मला."

मंडळाच्या दिवाळीला कुंदाताईंनी बरोब्बर हेरलं. "काय राणीसरकार, ब्रोच खाली उतरला?" काकूंच्या खांद्यावर नव्हे, छातीवर त्या दिवशी चंदेरी पान होतं. "लंडनला सध्या असाच लावतात," त्या शांतपणे म्हणाल्या. कुंदाताई नुसतं "हं" करून शंकरपाळ्यांकडे वळल्या. पुढे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. आम्ही आत शिरलो तर कुंदाताईंचा ब्रोच छातीवर. त्यांच्या वहिनींचाही छातीवर. मंडळात नव्याने आलेल्या नागपूरच्या डॉक्टरीणबाईंचासुद्धा. सगळे डाव्या बाजूला, सगळे खाली, अगदी लंडनसारखे.

काकूंनी कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, वाण घेतलं. गाडीत बसल्यावर त्यांना हसू फुटलं. "अगं, आत ओढतं, हसवू नकोस," म्हणत त्या हसत राहिल्या आणि मीही स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. मग त्या एकदम थांबल्या. "बघितलंस ना, कुणालाही कळलं नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं गं," असं म्हणून त्या रडायला लागल्या. भरदुपारी, कुंदाताईंच्या घरासमोर, हातात वाणाची प्लॅस्टिकची चाळणी घेऊन. मी गाडी सुरू केली, दुसरं काय करणार.

शमा मधे एकदा खरेदीसाठी आली होती. इथे वाढलेली पोर, दारातून आत आली की आधी कडकडून मिठी मारायची. ती धावत आली, बिलगली आणि मागे सरली. "आई, तुझा पिन टोचतो." तिच्या मराठीत पिन नेहमीच पुल्लिंगी असायची. काकू म्हणाल्या, "नवीन आहे, जरा टोकदार आहे." त्यानंतर शमा सावधपणे, बाजूनेच मिठी मारू लागली. तेव्हा मला कळलं की तो ब्रोच नुसती घडी धरून ठेवायला नव्हता. मिठीत जे कळलं असतं, तेही तो अडवत होता.

लग्नाच्या दिवशी काकूंनी त्यांच्याकडचा सगळ्यांत मोठा ब्रोच काढला, तळहाताएवढं सूर्यफूल. नियमाप्रमाणे सणाला तो चालला नसता. मी तो लावला. काकूंचा चेहरा ओढलेला होता, पायांवर सूज होती, पण हॉटेलच्या त्या हॉलमध्ये आलेली प्रत्येक बाई सूर्यफुलाकडे बघून पुढे गेली. मुलीकडचे असूनही काका कोपऱ्यात बसून होते. काकू मात्र सगळ्यांना सामोऱ्या गेल्या, विहिणीची ओटी भरली, फोटोत ताठ उभ्या राहिल्या. कुणी बिचारी म्हटलं नाही. त्यांना हवं होतं तसं झालं.

निघताना शमा आईजवळ आली. डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं होतं. "टेक दॅट थिंग ऑफ, आई. जस्ट फॉर अ मिनिट. मला नीट हग करायचंय." काकूंचा हात ब्रोचपर्यंत गेला.  मग तो खाली आला. "साडी सुटेल गं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी उजवा खांदा पुढे केला. शमाने त्यावर डोकं ठेवलं आणि ती गेली.

शमा हनिमूनहून परत आल्यावर काकूंनी तिला फोनवर सांगितलं. ती दुसऱ्याच दिवशी विमानाने आली. आईवर ओरडली, बापावर ओरडली, मग मला म्हणाली, "यू पिन्ड इट ऑन हर? एव्हरी डे?" मी हो म्हणाले. काकू पलंगावरूनच म्हणाल्या, "तिला बोलू नकोस, हुकूम माझा होता." तोवर दुखणं हाडांत उतरलं होतं. शमा जवळ जायची तेव्हा आता सगळीकडेच दुखायचं, पाठीत, बरगड्यांत, नुसता पलंग हलला तरी. मिठी मारायची सोय राहिली नव्हती. ती आईची बोटं धरून बसायची. हॉस्पिटलमध्ये पाठीमागे नाड्या असलेला गाउन घातला, तेव्हा काकू मला म्हणाल्या, "यांच्या कपड्याला खांदाच नाही, यांनी ब्रोच लावायचा कुठे?" त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे शेवटचं मोठं वाक्य. ऑगस्टच्या उन्हात त्या गेल्या.

"सवाष्ण गेली, भाग्याची," असं फोनवर कुणीतरी म्हणालं, तेव्हा मी फोन ठेवून दिला. भाग्य कसलं त्यात.

फ्युनरल होममध्ये आम्ही तिघी गेलो, शमा, कुंदाताई आणि मी. हिरवी साडी कुंदाताईंनी आणली होती. तिथला पांढऱ्या केसांचा, टाय लावलेला गृहस्थ फार अदबीने बोलला. दहनासाठी अंगावर धातूचं काही चालत नाही, मंगळसूत्र, बांगड्या, पिन, काहीच नाही. तो बाहेर गेला आणि आम्ही नेसवायला घेतलं. पदर डावीकडे ठरेना. मी बसवला की घसरायचा, त्याला धरून ठेवायला तिथे काही नव्हतं. कुंदाताईंचा हात पदराखाली गेला आणि तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना दुखणं माहीत होतं, हे माहीत नव्हतं. "म्हणून तेव्हा खाली..." एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

मी पर्समधून सुई-दोरा काढला. कपडा अंगावर असताना शिवू नये म्हणतात, तसा फक्त गेलेल्या माणसाचा शिवतात. सुईत दोरा ओवताना ते मला आठवलं आणि हात चालेना. शमाने माझ्या हातातून सुई घेतली. तिला शिवता येत नव्हतं. मी दाखवत गेले, ती टाके घालत गेली, मोठे, वाकडेतिकडे, लहान मुलाने घालावेत तसे. दोरा तिने दाताने तोडला. मग ती वाकली आणि आईच्या डाव्या कुशीत गाल ठेवून, दोन्ही हातांनी तिला कवटाळून तशीच राहिली.

बऱ्याच वेळाने दार किंचित उघडलं. तो गृहस्थ घड्याळाकडे बघत म्हणाला की पुढची वेळ झाली आहे.  कुंदाताईच पुढे झाल्या. इतकी वर्षं अमेरिकेत काढूनही त्यांचं इंग्रजी मराठीतूनच निघायचं.

"प्लीज वेट," त्या म्हणाल्या. "शी इज मीटिंग हर मदर."

त्याला काय कळलं कोण जाणे. त्याने शमाकडे बघितलं आणि दार हळूच ओढून घेतलं.