गोळीची ओल

अख्ख्या सिंदेवाही तालुक्यात वजनाच्या बाबतीत माझ्या मोठ्या बाबांइतका कडक माणूस झाला नाही आणि होणारही नाही. वडिलांचे हे थोरले भाऊ राइस मिलमध्ये काट्यावर बसत. लोखंडी पाट्याचा तो काटा त्यांच्या ताब्यात आल्यापासून त्यावर ना कुणाचा गुडघा टेकला, ना कुणाची ओळख चालली. धानाचा एक दाणा दाताखाली फोडायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "ओल हाये. पोत्यामागं दोन किलो कटन." तेवढं वजन कापलंच जायचं, मग पोतं सासऱ्यांचं का असेना. सासरे तेव्हापासून दुसऱ्या मिलमध्ये जाऊ लागले. लग्नात नवरदेव घोड्यावर चढला की लोक त्याची शेरवानी बघत, मोठे बाबा पुटपुटत, "अडुसष्ट. फेटा धरून."

मला नवव्या वर्षी मिरगीचे झटके यायला लागले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गोळी दिली, झटके थांबले आणि भूक सुरू झाली. जेवून हात धुताना पुन्हा भूक. घरातला भाताचा गंज, ते मोठं पातेलं, खरवडून झाला की मी मोठ्या आईच्या चुलीपाशी जाऊन बसायची. अंग सुटत गेलं. शाळेत मला 'पोतं' म्हणू लागले. मोठे बाबा दर रविवारी मला मिलमध्ये नेत, काट्यावर उभं करत आणि शेजारच्या पिठाच्या चक्कीवर बसलेल्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगत, "चाळीस किलो. त्यातली पाच किलो गोळीची ओल. पोरगी पस्तीस." नव्या धानासारखीच ही ओल आहे, सुकली की उतरेल, अशी त्यांची खात्री होती. तर्क साफ चुकीचा होता. पण त्या पस्तीस किलोंवर मी कितीतरी रविवार मान वर करून घरी आले.

बाराव्या वर्षी मात्र मला धीर धरवेना. स्नेहसंमेलनाच्या नाचातून मला काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मी तोंडातली गोळी मिलमागच्या तुसाच्या ढिगात थुंकली. तीन आठवडे रोज थुंकली. भूक ओसरली, काटा उतरला. आई खूश. मोठ्या बाबांनी मात्र बायांना आकडा न सांगता मला काट्यावरून खाली उतरवलं.

"ओल अशी भराभर सुकत नाई, माय. गोळी घेऊन राह्यली का तू?"

मी रडायला लागले. ते रागावले नाहीत. काट्याला कुलूप घातलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मला चंद्रपूरला नेलं.

डॉक्टर मात्र रागावले. गोळी अशी अचानक सोडली तर जिवावर बेतू शकतं, म्हणाले. मग समजावलं, की पोट भरलं, आता पुरे, हा निरोप शरीर मेंदूला देत असतं. काही मुलांमध्ये या औषधानं तो निरोप बिघडतो. मोठे बाबा पुढे सरकले. "म्हणजे पोरगी खादाड नाई. हे कागदावर लिहून द्या, साहेब. शाळेत दाखवाचं हाये." डॉक्टरांनी खरंच लिहून दिलं.

हळूहळू गोळी बदलली, आणि झालं उलटंच. नव्या गोळीनं भूक पार मेली. थोडं वजन उतरेल, मी लक्ष ठेवतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पण आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. "या रविवारी अजून उतरलं तर गोळी बंद," तिनं सांगून टाकलं आणि स्वतः मिलमध्ये आली. मी काट्यावर चढले. आई दांडीवरचे आकडे बघत होती. मी घाबरून खाली बघितलं, तर माझ्या टाचेमागे, पाट्याच्या कडेवर, मोठ्या बाबांच्या पायाचा अंगठा टेकलेला.

"तेवढंच हाये," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक निघाला. आई घरी गेल्यावर मला म्हणाले, "खरं वजन डॉक्टरले ठाऊक हाये. इथी तुया आईच्या जिवाचं मोजाचं होतं."

ती गोळी मला मानवली. पुढं भूकही परतली आणि झटका पुन्हा आला नाही. मोठे बाबा आता नाहीत. मिलमध्ये लाल आकड्यांचा काटा आला आहे, तो काही कटवत नाही की धरत नाही. मला त्यांची फार आठवण येते. कुठल्याही काट्यावर चढले की मी आकडा नंतर बघते. आधी टाचेमागे बघते.