राजानंदभाऊंनी पास केलेला पियानो

जाफराबादला स्टँडसमोरच्या बोळात राजानंदभाऊंची पत्र्याची खोली आहे. तेच दुकान. आत नुसत्या पेट्या. कुणी हार्मोनियम म्हणत नाही तिकडे, पेटीच म्हणतात. भजनी मंडळांच्या, दर्ग्यावर गाणाऱ्यांच्या, भीमगीतांच्या पार्ट्यांच्या, आणि आमच्या जालन्याच्या चर्चचीसुद्धा. भाऊ बौद्ध. भिंतीला बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, खाली स्टूलावर कुणाची तरी विठ्ठलाचं चित्र चिकटवलेली पेटी उघडी पडलेली, असं ते दुकान.

दुरुस्तीपेक्षा त्यांचं नाव वेगळ्या गोष्टीसाठी होतं. जुनी पेटी विकत घ्यायची असली की लोक गाडी घेऊन त्यांना न्यायला येत. भाऊ मांडी घालून बसायचे, पेटी उघडायचे, खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबायचे, आणि शेवटी दोनातलं एक बोलायचे. "घ्या" किंवा "राहू द्या". पुढे ना विकणारा हुज्जत घालायचा, ना घेणारा. एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याची पेटी होती, तीही त्यांनी गिऱ्हाइकासमोर "राहू द्या" म्हणून बाजूला केली. त्यांच्या बायको साळूबाई मला हसत सांगायच्या, "माझं माहेर तोडलं या माणसानं, बाई. एका फाटक्या सुरापायी. दिवाळीला साडी येत होती तीबी बंद झाली."

"मंग खोटं बोलायचं होतं का मी?" भाऊ म्हणायचे.

"न्हाई, पण इशाऱ्याला खोकायचं तरी होतं. भावानं समजून घेतलं असतं."

आमच्या चर्चमध्ये सत्यशीलाबाई पेटी वाजवायच्या. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. लहानपणी मिशनच्या बंगल्यात मडमेनं त्यांना पियानो शिकवला होता. तो पियानो पुढे वाळवीनं खाल्ला. सिस्टरच्या मनातून मात्र तो गेला नाही. निवृत्त झाल्या, यजमान वारले, मूलबाळ नव्हतं. मग बोटांचे सांधे सुजायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. तेव्हा त्या मला म्हणाल्या, "वंदना, बोटं ऐकतात तोवर एक नाताळ मला पियानोवर वाजवायचाय. मागं राहील तो चर्चला."

त्याच सुमारास कळलं, की बायपासवरच्या एका लग्नाच्या लॉनवाल्यांना त्यांचा मोठा पियानो विकून काढायचा आहे. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलातून त्यांनी तो आणला होता. नवरा-नवरीला त्यावर बसवून फोटो काढायचे, एवढाच उपयोग. सिस्टरनी बघायच्या आधीच ठरवलं, राजानंद तपासेल. तो घ्या म्हणाला तर घ्यायचा.

भाऊ सकाळच्या गाडीनं आले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "सिस्टर, मी पेटीवाला माणूस. पियानो मी लांबून पाह्यला असंल, उघडून न्हाई."

"सूर तर कळतात ना तुला?"

"ते कळतात."

"मग झालं. मी प्रार्थना केलीय राजानंद. तुझ्या तोंडून निघेल ते मी देवाचं उत्तर समजेन."

भाऊ बाहेर बघत म्हणाले, "असं नका करू, सिस्टर. आपण साधी माणसं." सिस्टर हसल्या. मला मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही. आम्हीही मनातल्या मनात खूप गोष्टी देवावर सोपवतो, पण ज्याच्या तोंडून उत्तर हवं त्याला ते आधी सांगत नाही.

लॉनचा मॅनेजर हरिओम नावाचा तरुण होता. पियानो हॉलच्या कोपऱ्यात, वर प्लास्टिकच्या फुलांच्या माळा. झाकणावर नवऱ्यांच्या बुटांचे ओरखडे. भाऊंनी माळा काढल्या, रुमालानं धूळ पुसली आणि खाली वाकून बघायला लागले.

"काका, भाता शोधून राह्यले का?" हरिओम म्हणाला. "याला भाता नसतो बरं." खुर्च्या लावणारी पोरं हसली.

भाऊ पट्ट्यांकडं वळले. डाव्या टोकापासून एकेक पट्टी दाबत गेले. कान जवळ नेऊन ऐकायचे, पुढे सरकायचे. मधली एक पट्टी मुकी निघाली. हात घालून त्यांनी आतून उंदरानं जमवलेल्या चिंध्या बाहेर काढल्या, तशी ती बोलायला लागली. खालचे पायाने दाबायचे दांडे मला दाबायला लावले, स्वतः ऐकत उभे राहिले. मग मोठं झाकण उचललं. आत लोखंडाची चौकट, त्यावर ताणलेल्या तारा, आणि तारांची टोकं जिथं गुंडाळलेली तिथं खिळ्यांच्या रांगाच रांगा. काही खिळ्यांभोवती खडूचे गोल होते. भाऊंनी एका गोलावर बोट ठेवलं.

"ह्या खुणा कशाच्या?"

"चार दिवसामागं मुंबईहून माणूस आल्ता सूर लावायला, त्यानं केल्या असतील."

"त्याचा नंबर हाये का? विचारून घेतो."

हरिओमचा आवाज चढला. "काका, तुम्ही तपासायला आले का चौकशी करायला? कळत नसंल तर बराबर सांगून टाका. पेटीवाल्याला घेऊन आले तेव्हाच मी म्हणलं होतं, ह्यांना घ्यायचं न्हाई, टाइमपास करायचाय. माझ्याकडं दुसरं गिऱ्हाईक हाये."

भाऊंचे कान लाल झालेले मी पाहिले. चाळीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नसेल. ते काही बोलणार होते, तेवढ्यात सिस्टर स्टूलावर जाऊन बसल्या आणि वाजवायला लागल्या. आमचं नाताळचं एक जुनं गीत. सावकाश, सुजलेल्या बोटांनी. तो आवाज त्या प्लास्टिकच्या हॉलमध्ये असा भरून गेला, की खुर्च्यावाली पोरंही थांबली. सूर अगदी शुद्ध होते. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. एकही पट्टी चुकीची बोलत नव्हती.

गीत संपल्यावर सिस्टरनी मागं वळून त्यांच्याकडं पाहिलं.

"घ्या, सिस्टर," भाऊ म्हणाले.

हरिओमच्या बोलण्यानं ते "घ्या" निघालं की सिस्टरच्या वाजवण्यानं, हे मला सांगता येणार नाही. त्यांना स्वतःलाही सांगता येईल असं वाटत नाही.

पाय काढून, गाद्यांत गुंडाळून, टेम्पोतून पियानो चर्चमध्ये आणला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. हलवताना सूर सरकले होते, ते भाऊंनी पियानोबरोबर मिळालेल्या किल्लीनं खिळे फिरवून पुन्हा लावले. त्या रविवारी लोक उपासना संपल्यावरही बसून राहिले.

पुढच्या आठवड्यात सूर उतरले.

भाऊ आले, लावून गेले. पुन्हा उतरले. पुन्हा आले. तेव्हा आम्हाला आणि त्यांनाही जे कळलं ते असं. पेटीत सूर आत बसवलेल्या पितळेच्या पातीत असतो. तो आज बरोबर असला तर उद्याही आहे, पुढल्या वर्षीही आहे. भाऊंचा सगळा जन्म त्या सुरावर गेला. आज ऐकून ते पुढच्या दहा वर्षांचं सांगू शकायचे, कारण पेटी तशीच असते. पियानोत सूर तारेत असतो, तार खिळ्याला असते आणि खिळा लाकडात. लाकडानं खिळा सोडला की आजचा सूर म्हणजे नुसता आजचाच. भाऊंनी लॉनवर जे ऐकलं ते खरंच शुद्ध होतं. ऐकण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

त्यांनी खिळे ठोकून पाहिले. खिळे काढून त्यांना सँडपेपर गुंडाळून बसवले. दुकान बंद ठेवून यायला लागले. सिस्टर डबा आणायच्या, तो तसाच परत जायचा. एकदा किल्ली फिरवता फिरवता मला म्हणाले, "बाई, त्या खडूच्या खुणांवर मी बोट ठेवलं होतं."

"हो, मी पाहिलं."

"बोट ठेवलं होतं," ते परत म्हणाले आणि किल्ली फिरवत राहिले.

नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी सगळे सूर लावले. सकाळच्या उपासनेत पहिलं गीत ठीक झालं. दुसऱ्यात मधले सूर ढिले पडले. तिसऱ्याला गायनमंडळ एकीकडं आणि पियानो एकीकडं. मागच्या बाकांवरची पोरं तोंडाला रुमाल लावून हसत होती. कुणीतरी पेटी पुढं सरकवली. सिस्टर थांबल्या नाहीत. मान खाली घालून त्यांनी शेवटचं कडवं पुरं केलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "थंडीनं झालं असेल." भाऊ दाराशी चपलांजवळ उभे होते. केकसुद्धा न घेता गेले.

नंतर पाळकसाहेबांनी पुण्याच्या एका पियानोवाल्याचा नंबर मिळवला, फोटो पाठवले. त्याचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे चर्चमध्येच होतो, भाऊसुद्धा. फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, खडूचे गोल म्हणजे न धरणाऱ्या खिळ्यांची खूण. आधीच्या माणसानं ते पाहून ठेवलेलं आहे. खिळे बसतात ती फळीच आतून फुटली आहे. सगळ्या तारा काढून फळी बदलावी लागेल, आणि त्या पियानोची तेवढी लायकी राहिलेली नाही. मग त्यानं विचारलं, "घेताना कुणाला दाखवला नव्हता का?"

"नाही," सिस्टर पटकन म्हणाल्या. "मीच घेतला. हौस म्हणून."

"सिस्टर, माझ्यासाठी खोटं नका बोलू," भाऊ म्हणाले. फोनकडं वाकून म्हणाले, "मी तपासला होता, साहेब."

"तुम्ही ट्यूनर का?"

"न्हाई. पेटीवाला."

"बरं," पुणेवाला म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पैसे परत मागायला लॉनवर पाळकसाहेब जाऊन आले. हरिओम म्हणाला, तुमच्याच माणसानं पास करून नेला ना.

ईस्टरपर्यंत सिस्टरची बोटं वळायची बंद झाली. पियानोवर आता चादर असते, त्यावर फुलदाण्या. मला त्यांनी जाफराबादला धाडलं. म्हणाल्या, त्याला सांग, माझ्या मनात काही नाही, देवाच्या उत्तराचं मी बोलले ते चुकलं माझं. त्याच्यावर ओझं टाकलं.

मी दुकानात बसून हे सगळं सांगितलं. भाऊ ऐकत होते. दुकानात पेट्या कमी दिसत होत्या. साळूबाईंनी चहा ठेवला. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. हसनाबादच्या भजनी मंडळाचे बद्रीनाथ म्हणून कुणी होते. विकणाऱ्याकडून पेटी सोबतच घेऊन आले होते, सप्ताह जवळ आला होता. पेटी भाऊंसमोर ठेवून म्हणाले, "तुम्ही घ्या म्हणलं की घेतली, भाऊ. राहू द्या म्हणलं की ही निघाली माघारी."

भाऊंनी पेटी उघडली. भाता ओढला. हवा कुठूनतरी फुसफुसत बाहेर पडत होती, ते यातलं काही न कळणाऱ्या मलाही तीन हातांवरून ऐकू आलं. त्यांनी दोन-तीन पट्ट्या दाबल्या आणि झाकण लावलं.

"मला न्हाई सांगता यायचं."

बद्रीनाथ हसले. "काय थट्टा करून राह्यले, भाऊ? तुम्हाला न्हाई तर मंग कुणाला?"

"वाजून राह्यली आज. उद्याचं मला काय माहीत."

"अहो, पेटी हाये ती," साळूबाई आतून म्हणाल्या. "पियानो न्हाई. सांगा ना बिचाऱ्यांना."

भाऊ मान खाली घालून बसले. बद्रीनाथांनी माझ्याकडं बघितलं. शेवटी पेटी उचलत म्हणाले, "म्हणजे खराब न्हाई ना. मंग घेऊनच टाकतो." जीप सुरू झाली.

साळूबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. "भाता फाटका होता ना?"

"हो," भाऊ म्हणाले.

साळूबाईंनी कप तिथंच पेटीच्या खोक्यावर ठेवले आणि अनवाणी पळत बोळाच्या तोंडापर्यंत गेल्या. हात हलवून त्यांनी हाका मारल्या. जीप तोवर भोकरदनच्या रस्त्याला लागली होती.